आकडा कोण मोजतो?

मार्व्याहून मनोरीला येताना फेरीबोटीत वर्तमानपत्राचे जेमतेम एक पान वाचून होते. त्या पानांतली मुंबईविषयीची कात्रणे मी गेली पंचवीस वर्षे जमवतो आहे. संशोधनाचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. कात्री, डिंक आणि जुन्या वह्या एवढेच भांडवल. या कात्रणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत, एकाच दिवशी, तेच वाक्य. बातमीदारांनी एकमेकांचे उतरवून घेतले असेल असे मला आधी वाटले. पुढे कळले, की सगळ्यांच्या हाती एकच प्रसिद्धीपत्रक पडलेले असते आणि ते एखाद्या धोरण-अभ्यास संस्थेने काढलेले असते.

अशा संस्थांना आपण सर्रास ‘थिंक टँक’ म्हणतो. त्यांच्या हाती सत्ता नसते, मतपेटी नसते. तरीही शहर कशावर वाद घालणार, हे त्या बऱ्याच अंशी ठरवतात. ते कसे, हे समजून घ्यायचे तर आपल्याच इतिहासापासून सुरुवात करावी लागेल.

१८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून माहिती मागवली, ती सरकारपुढे ठेवली आणि प्रसिद्धही केली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यामागे महादेव गोविंद रानडे यांचा अभ्यास होता. दुष्काळाची सरकारी हकिकत एवढीच हकिकत यापुढे उरली नाही. तिच्या शेजारी दुसरी हकिकत उभी राहिली. मोजणे, लिहिणे आणि छापून लोकांपुढे मांडणे ही या कामाची तीन अंगे तेव्हाच तयार झाली होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत त्याचे वेगळे रूप दिसते. १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ यांनी ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही संस्था काढली. नियोजनाच्या काळात खासगी उद्योगाची बाजू मांडणे हे तिचे उघड उद्दिष्ट होते. तिने जाडजूड ग्रंथांऐवजी खिशात मावतील अशा पुस्तिका काढल्या. १९५८ पासून नानी पालखीवाला यांची अर्थसंकल्पावरील भाषणे सुरू झाली. ग्रीन्स हॉटेलातल्या लहान सभेपासून निघालेला हा कार्यक्रम ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत पोहोचला आणि १९९४ पर्यंत चालला. मंत्र्यांच्या भाषणानंतर पालखीवाला काय बोलतात याची वाट पाहिली जाई. यातली युक्ती साधी आहे. लोकांचे लक्ष जिकडे आधीच लागले आहे तो दिवस निवडायचा आणि त्या दिवशी बोलायला तयार असायचे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. ‘बॉम्बे फर्स्ट’ ही संस्था १९९५ मध्ये उद्योगजगताच्या पुढाकाराने, ‘लंडन फर्स्ट’च्या धर्तीवर उभी राहिली. तिने मॅकिन्झी या सल्लागार कंपनीबरोबर सप्टेंबर २००३ मध्ये ‘व्हिजन मुंबई’ हा अहवाल प्रसिद्ध केला. दहा वर्षांत, म्हणजे २०१३ पर्यंत, मुंबई जागतिक दर्जाची करायची आणि त्यासाठी सुमारे २ लाख कोटी रुपये लागतील, असा त्याचा सारांश होता. अहवाल किती जणांनी पूर्ण वाचला असेल कोण जाणे; पण ‘जागतिक दर्जा’ हे दोन शब्द आणि तो आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. राज्य सरकारने कृतिदल नेमले. २००४ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोक शांघाय विसरतील अशा मुंबईची आकांक्षा बोलून दाखवली. त्याच वर्षाच्या अखेरीस झोपड्यांवर मोठी पाडकाम मोहीम सुरू झाली आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. पाडकाम केवळ अहवालामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो निर्णय सरकारचा होता. मात्र ‘मुंबई शांघाय कधी होणार’ हा प्रश्न एकदा रूढ झाल्यावर ‘मुंबईत राहणाऱ्यांचे काय’ हा प्रश्न विचारणाराच अडवणूक करणारा ठरू लागला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे मिठी नदी, खाड्या आणि खारफुटी हे शब्द पहिल्या पानावर आले.

या साऱ्यातून मला एक नियम दिसतो. अभ्यास संस्थेचे उत्तर सरकारने फेटाळले तरी तिने घातलेला प्रश्न आणि हाती दिलेली मोजपट्टी मागे उरते. पुढचा वाद त्याच पट्टीने होतो.

मोजपट्टी चांगली असेल तर त्याचा फायदाही मोठा असतो. ‘प्रजा फाउंडेशन’ ही मुंबईतली संस्था १९९७ पासून काम करते. १९९९ मध्ये महापालिकेबरोबर तिने नागरिकांची सनद तयार केली. पुढे माहिती अधिकाराखाली महापालिकेकडून, विधिमंडळाकडून आणि पोलिसांकडून आकडे मागवून ती अहवाल काढू लागली. नागरी तक्रारी, आरोग्य, शिक्षण, पोलीस आणि लोकप्रतिनिधी असे विषय ठरलेले. अहवाल निघाला की पत्रकार परिषद होते. नगरसेवकांची आणि आमदारांची हजेरी, विचारलेले प्रश्न आणि नागरिकांचे मत यांवरून गुण दिले जातात, क्रमांक लावले जातात. बातमीदाराला प्रभागनिहाय तक्ता तयार मिळतो. बोरिवलीच्या वाचकाला बोरिवली सापडते, घाटकोपरच्या वाचकाला घाटकोपर. संध्याकाळी तोच तक्ता वाहिनीवरच्या चर्चेत असतो आणि दुसऱ्या दिवशी नगरसेवकाला खुलासा करावा लागतो. नगरसेवकांचे कितीतरी प्रश्न रस्त्यांच्या आणि चौकांच्या नामकरणाविषयी असतात, ही गोष्ट मुंबईकरांना अशाच अहवालांमुळे कळली. एरवी ती महापालिकेच्या दप्तरात पडून राहिली असती.

याच पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. हजेरी मोजता येते, प्रश्न मोजता येतात. रात्री दोन वाजता फुटलेल्या जलवाहिनीपाशी उभा राहिलेला नगरसेवक कोणत्या रकान्यात बसवायचा? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे सारा कारभार प्रशासकाकडे होता. गुण देण्यासाठी नगरसेवकच नव्हते.

हे सगळे मी मनोरीत बसून का लिहितो आहे? समुद्राचे पाणी गोडे करण्याचा महापालिकेचा प्रकल्प २०२० पासून आमच्या गावाच्या नावाने ओळखला जातो. रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल असा. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी लागते आणि ते सात तलावांतून येते. पाऊस लांबला की शहराचा घसा कोरडा पडतो. तेव्हा ही गरज खोटी नाही. पण मथळ्यात फक्त २०० हा आकडा येतो. या तंत्रात समुद्रातून घेतलेल्या पाण्यापैकी साधारण निम्म्याहून कमीच गोडे होते. उरलेले जास्त खारट होऊन परत समुद्रात जाते. दर हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते, म्हणजे २०० दशलक्ष लिटरांना रोज सहा ते आठ लाख युनिट. हे आकडे गुपित नाहीत, अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आहेत. ते खारट पाणी नेमके कुठे सोडणार आणि तिथे डोलीच्या जाळ्यात आज काय लागते, हा आमचा प्रश्न. आज काय लागते याची नोंदच नसेल, तर उद्या कमी झाले हे सिद्ध कसे करणार? प्रकल्पाच्या बाजूने अहवाल असेल आणि आमच्या बाजूने फक्त म्हणणे असेल. बातमीदार सज्जन असला तरी त्याच्या तक्त्यात म्हणण्याला रकाना नसतो.

म्हणून अहवालाची बातमी वाचताना मी चार प्रश्न विचारतो. मोजले कोणी? पैसे कोणी दिले? काय मोजले नाही? आणि ही बातमी आजच का आली? बरेच अहवाल पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पहिल्या काही पानांतच देतात, आपण ती पाने उलटतो. तिसऱ्याचे उत्तर कुठेही छापलेले नसते. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

गेल्या नारळी पौर्णिमेपासून मी एक नवी वही घातली आहे. कोणत्या दिवशी किती होड्या गेल्या, काय आणि किती टोपल्या आल्या, बांबूंवर बोंबील किती दिवस सुकत होते. बंदरावरच्या बाया सांगतात, मी लिहितो. सुरुवातीला त्या हसायच्या. हल्ली मी एखाद्या दिवशी गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या टोपल्या त्याच आठवणीने सांगतात.