पोस्टग्रेस अपग्रेड झालं, पण ब्लोट गेला का?

ठाण्यात आमच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींतून टॉवरमध्ये जाताना माळ्यावरची अडगळही सोबत नेली, तर नवं घर पहिल्याच दिवशी भरतं. पीजी-अपग्रेड या टूलचंही तसंच.

🔹 जागा: हे टूल टेबलांच्या फायली जशाच्या तशा कॉपी किंवा लिंक करतं. अपडेट-डिलीटनंतर उरलेल्या मृत ओळी आणि रिकामी जागा (ब्लोट) तशीच राहते. डम्प-रिस्टोअर केलं तर टेबल नव्यानं लिहिलं जातं, ब्लोट जातो. व्हॅक्यूम फुलनेही जातो, पण तोवर टेबल पूर्ण लॉक असतं.

🔹 आकडेवारी: १७व्या आवृत्तीपर्यंत प्लॅनरची आकडेवारी नव्या सर्व्हरवर येतच नसे, कालपर्यंत झटपट चालणारी क्वेरी सकाळी रखडायची. सप्टेंबर २०२५च्या १८व्या आवृत्तीपासून ती येते, एक्स्टेंडेड स्टॅटिस्टिक्स सोडून.

🔹 छुपा धोका: मृत ओळींची मोजणी १८मध्येही शून्यापासून सुरू होते. ऑटोव्हॅक्यूमला जुना कचरा दिसतच नाही.

म्हणून अपग्रेडनंतर लगेच व्हॅक्यूमडीबीने सगळ्या डेटाबेसवर ॲनालाइझ चालवा. १७पर्यंत टप्प्याटप्प्याने, १८मध्ये आधी फक्त राहिलेली आकडेवारी, मग सगळ्यांवर एकदा. ॲप्लिकेशन त्यानंतरच खुलं करा.

#पोस्टग्रेस #डीबीए #ठाणे