विस्तव, गॅस आणि आपले घर

आपल्या डहाणू-तलासरी भागात पूर्वी बहुतेक घरे कुडाची होती. चुलीचा धूर कुडाच्या फटींतून आणि छपरातून बाहेर जायचा. आता पुष्कळ घरे विटांची झाली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर अनेकांकडे गॅसही आला. घर बदलले, पण विस्तवाच्या सवयी जुन्याच राहिल्या. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

प्रथम थंडीचे सांगतो. काही जण रात्री घमेल्यात निखारे घेऊन घरात ठेवतात आणि दार-खिडकी लावून झोपतात. हे फार धोक्याचे आहे बरं का! कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात गेला की रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच मरू शकतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नका. निखारे बाहेर नेऊन विझवावे, मगच झोपावे. कोणाला त्रास झाला तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा.

आता गॅस. टाकीतल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, म्हणून तो जमिनीलगत पसरतो. जवळ चूल पेटलेली असली तर भडका उडतो. आमच्याकडे चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर होते. तुमच्याकडेही तसेच असेल. म्हणून चूल आणि टाकी एका खोलीत नको. टाकी उभी ठेवावी आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी. ओटा नसेल तर विटांचा कट्टा करावा.

गॅसचा वास आला तर काय करायचं?
१. काडी किंवा लायटर पेटवू नये. चूल, दिवा विझवावा.
२. विजेचे कुठलेही बटण चालू किंवा बंद करू नये.
३. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या.
४. सर्वांनी बाहेर यावे आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करावा.

मी आईबरोबर आमची नळी तपासली. साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे. काडी ओढून कधीही तपासू नये. नळी पाच वर्षांनी बदलावी. टाकी घेताना वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर अक्षर व साल पाहावे. ए म्हणजे मार्च, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर. ती मुदत उलटली असेल तर टाकी घेऊ नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी भागात धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. तेव्हा ऐन थंडीत लोक भीतीने घराबाहेर झोपत होते, तंबूही लागले होते. तंबूतसुद्धा निखारे ठेवू नयेत. धक्का बसला तेव्हा हात शेगडीजवळ असेल तर गॅस बंद करावा. लांब असाल तर त्यासाठी आत धावू नका, आधी जीव वाचवा. धक्के थांबल्यावर मोठ्या माणसांनी वास येतो का ते पाहावे, मगच चूल किंवा शेगडी पेटवावी.

पालकांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर नळीवरचे साल पाहा. आणि मित्रांनो, रात्री निखारे विझले का ते आपण विचारायचं. विचारायला काही पैसे पडत नाहीत!

— इयत्ता सातवी