पडदा उजळण्याआधीचे क्षण

गेम कन्सोलचे बटण दाबले की खेळ सुरू होण्याआधी काही सेकंद जातात. तेवढ्या वेळात यंत्राच्या सर्किट बोर्डवर कायमची बसवलेली एक छोटी आज्ञावली कामाला लागते. प्रोसेसर आणि स्मृती तयार करायची, चित्र आणि आवाजाची यंत्रणा जागी करायची, आत घातलेली कार्ट्रिज किंवा सीडी मान्य आहे का ते पाहायचे आणि मग सगळी सूत्रे खेळाच्या हाती द्यायची, अशी तिची साधारण कामे. या आज्ञावलीला बायॉस म्हणतात. ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम’चे हे लघुरूप गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून १९७०च्या दशकात आले आणि पुढे आयबीएमच्या पीसीमुळे सर्वतोमुखी झाले. कन्सोलमधल्या अशा आज्ञावलीचे काटेकोर नाव कधी ‘बूट रॉम’ असते, तर कधी आणखी काही. जुनी यंत्रे जपणारी हौशी मंडळी मात्र सरसकट बायॉसच म्हणतात.

प्रत्येक कन्सोलला बायॉस होता असे नाही. १९७७च्या अटारी २६००मध्ये तो नव्हता आणि १९८३च्या निन्टेन्डो फॅमिकॉममध्येही नव्हता. कार्ट्रिजमधली चिप थेट प्रोसेसरला जोडली जाई आणि वीज मिळताच खेळाचाच कोड धावू लागे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत टीव्हीला जोडलेले, पिवळ्या कार्ट्रिजचे जे ‘व्हिडिओ गेम’ आले, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. कन्सोलच्या आत मूळ कंपनीचा कोडच नसल्यामुळे नक्कल करणाऱ्याला चोरण्यासारखे निदान तेवढे तरी काही नव्हते. पण १९८६मध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉमसाठी फ्लॉपीसारख्या चकतीवर चालणारी डिस्क सिस्टीम काढली आणि तिला ८ किलोबाइटांचा बायॉस द्यावा लागला. कारण सरळ आहे. चकतीवरचा कोड प्रोसेसरला थेट चालवता येत नाही, तो वाचून स्मृतीत आणून ठेवणारे कोणीतरी आधीपासून यंत्रात हजर लागते. सीडीवर चालणाऱ्या पुढच्या कन्सोलांना म्हणूनच बायॉसवाचून गत्यंतर राहिले नाही. सोनी प्लेस्टेशन आणि सेगा सॅटर्न यांचे बायॉस प्रत्येकी ५१२ किलोबाइटांचे आहेत, ड्रीमकास्टचा २ मेगाबाइटांचा आणि प्लेस्टेशन २चा ४ मेगाबाइटांचा.

बायॉसचा आकार लहान असला म्हणजे जतनासाठी तो यंत्रातून बाहेर काढणे सोपे असते, हा समज मात्र गेम बॉयने खोटा ठरवला. १९८९च्या या हातातल्या यंत्राचा बूट रॉम अवघा २५६ बाइटांचा आहे. चालू केल्यावर वरून सरकत खाली येणारे निन्टेन्डोचे नाव तोच दाखवतो. त्या नावाची आकृती कन्सोल कार्ट्रिजमधून उचलतो आणि आपल्याजवळच्या ४८ बाइटांच्या प्रतीशी ताडून पाहतो. एक बाइट जरी जुळला नाही तरी यंत्र तिथेच थबकते. ही युक्ती तांत्रिक कमी आणि वकिली जास्त होती. परवानगीवाचून कार्ट्रिज काढणाऱ्याला निन्टेन्डोचे बोधचिन्ह आपल्या चिपमध्ये भरावेच लागे आणि मग बोधचिन्हाच्या गैरवापराचा दावा लावता येई. सेगानेही असाच डाव टाकला होता, पण १९९२मध्ये सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला नाही.

काम संपले की गेम बॉयचा बूट रॉम एका रजिस्टरमध्ये ठरावीक संख्या लिहितो आणि त्याच क्षणी स्वतः अदृश्य होतो. वीज बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत ते २५६ बाइट कोणत्याही खेळाला वाचता येत नाहीत. आत शिरल्यावर आतून कडी लावण्यातलाच हा प्रकार. त्यामुळे जगभर कोट्यवधी घरांत असलेला हा कोड चौदा वर्षे बाहेरच्या कोणाला जसाच्या तसा मिळाला नव्हता. २००३मध्ये एका हौशी अभ्यासकाने चिपचे आवरण काढून टाकले, सिलिकॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि एकेक बिट डोळ्यांनी वाचून काढला. २५६ बाइट म्हणजे २,०४८ बिट. गेम बॉय कलरचा बूट रॉम त्यानंतर २००९मध्ये बाहेर आला. तो चिप न फोडता, चालत्या प्रोसेसरची लय मुद्दाम बिघडवून काढलेला होता. या चिपांची तुलना सुरू झाली तेव्हा एक गंमत दिसली. मूळ गेम बॉय आणि गेम बॉय पॉकेट यांच्या बूट रॉममध्ये फक्त एका बाइटाचा फरक आहे, आणि आपण यातल्या कोणत्या यंत्रात आहोत हे खेळाला कळते ते त्या बाइटावरूनच.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा १६ किलोबाइटांचा बायॉस वेगळ्या तऱ्हेने राखलेला होता. तिथे बायॉसमधला मजकूर फक्त बायॉसचा कोड चालू असतानाच वाचता येतो, खेळाने मागितला तर नकार मिळतो. मात्र खेळांच्या सोयीसाठी बायॉसमध्ये काही कार्ये दिलेली होती आणि त्यांत संगीताच्या स्वरांचे गणित करणारे एक कार्य होते. आपल्याला दिलेला पत्ता कुठला आहे याची चौकशी ते करत नसे. त्याला बायॉसमधलाच पत्ता द्यायचा आणि उत्तरावरून तिथला मजकूर ओळखायचा, असे करत अख्खा बायॉस बाहेर आला. बंद खोलीतल्या राखणदारानेच एकेक वस्तू खिडकीतून बाहेर द्यावी तसे हे झाले.

मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सची गोष्ट सर्वांत रंगतदार आहे. २००१च्या या यंत्रातली फ्लॅश चिप कोणालाही वाचता येत होती आणि तिच्या टोकाला यंत्र सुरू करणारा कोडही दिसत होता. पण तो चालतच नसे, ती निव्वळ हूल होती. खरा कोड ५१२ बाइटांचा होता आणि तो दुसऱ्याच एका चिपच्या पोटात दडवलेला होता. एमआयटीमध्ये शिकणाऱ्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी त्या चिपकडून प्रोसेसरकडे जाणाऱ्या तारांवर स्वतः बनवलेले सर्किट जोडले आणि धावती माहिती टिपून २००२मध्ये तो कोड, त्यातल्या गुप्त किल्लीसकट, उलगडला.

प्लेस्टेशनने त्या मानाने फारसा त्रास दिला नाही. त्याचा बायॉस प्रोसेसरला केव्हाही वाचता येतो. सुरुवातीच्या मॉडेलांना मागे समांतर पोर्ट होते आणि खेळात लबाडी करण्यासाठी विकली जाणारी चीट कार्ट्रिज तिथे बसत असत. त्याच वाटेने छोटी आज्ञावली चढवून ५१२ किलोबाइट बाहेर संगणकावर घेता येत. इथली अडचण वेगळी, ती आवृत्त्यांची. जपान, अमेरिका आणि युरोप यांच्यासाठी निरनिराळे बायॉस होते आणि मॉडेल बदलले की तेही बदलत.

चिपमधला मजकूर फाइलमध्ये उतरवणे याला या क्षेत्रात ‘डंप’ करणे म्हणतात. जतनाचे काम तिथे संपत नाही, खरे तर तिथून सुरू होते. चिपचा एखादा पाय नीट टेकला नाही तर बिट चुकतात. वाचणाऱ्या उपकरणाला आकार चुकीचा सांगितला तर तोच मजकूर दोनदा उतरतो किंवा अर्धाच येतो. म्हणून एकाच यंत्राचे वाचन अनेकदा करून, शक्य तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहतात. मग फाइलची सीआरसी-३२ आणि शा-१ या पद्धतींची ‘हॅश’ काढतात. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, आत एक बिट बदलला तरी तो बदलतो. फाइलच्या नावावर मात्र मुळीच विसंबू नये. प्रदेशाचे बंधन काढून टाकलेला बायॉस मूळ नावानेच हातोहात फिरू शकतो. एक नोंदही हवी असते: यंत्राचा मॉडेल क्रमांक, बोर्डची आवृत्ती, चिपवर छापलेली अक्षरे, वाचण्याची पद्धत. ही नोंद नसेल तर फाइल चालते, पण ती कशाची प्रत आहे हे सांगता येत नाही. जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या, १९९७मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या मेम या प्रकल्पाने ही शिस्त फार नेटाने पाळली. त्याच्या आज्ञावलीत चिपमधला मजकूर नसतो, प्रत्येक चिपचे नाव, आकार आणि हॅश असते. सदोष डंपपुढे तसा शेरा असतो आणि ज्या चिपचा चांगला डंप अजून मिळालेला नाही तिचीही जागा राखून ठेवलेली असते.

घाई करायला कारणही आहे. कारखान्यातच मजकूर कोरलेले मास्क रॉम बरेच टिकाऊ असतात, पण ईप्रॉम चिपमध्ये मजकूर विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू गळतो. चाचणीसाठी बनवलेल्या मोजक्या नमुना कन्सोलांमध्ये बहुधा ईप्रॉमच असत, म्हणजे सर्वांत दुर्मीळ तेच सर्वांत नाजूक. शिवाय जुन्या कपॅसिटरमधून झिरपणारे रसायन बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खाते.

कायद्याच्या बाजूने बायॉस हा कंपनीच्या मालकीचा, कॉपीराइट असलेला मजकूर आहे आणि तो परवानगीवाचून वाटणे हा भंग ठरतो. म्हणूनच बायॉस लागणारे इम्युलेटर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या, तो सोबत देत नाहीत, स्वतःच्या यंत्रातून काढायला सांगतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली संगणक आज्ञावलीची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षेपुरती प्रत करण्याची आणि तिच्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी अभ्यास करण्याची मुभा आहे. इतरांना ती फाइल देण्याची मुभा त्यात नाही. अमेरिकेत हा प्रश्न सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात गाजला. कनेक्टिक्सने १९९९मध्ये मॅक संगणकावर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ आणला. तो बनवताना कंपनीने सोनीच्या बायॉसची प्रत काढून अभ्यासली होती, पण विकलेल्या मालात सोनीचा कोड नव्हता. २०००मध्ये अपील न्यायालयाने हा अभ्यास न्याय्य वापर मानला. पुढच्याच वर्षी सोनीने ते उत्पादन विकत घेतले आणि बंद केले.

बायॉस नव्याने लिहिण्याची वाट तेव्हापासून मोकळी राहिली. आज गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि प्लेस्टेशन या दोन्हींसाठी मुक्त परवान्याचे पर्यायी बायॉस आहेत आणि अनेक खेळ त्यांवर व्यवस्थित चालतात. सगळे मात्र चालत नाहीत. प्लेस्टेशन सुरू होताना बायॉसचा गाभा स्मृतीच्या पहिल्या ६४ किलोबाइटांत उतरवला जातो आणि काही खेळ तिथे जाऊन त्यातल्या सूचना परस्पर बदलतात. मूळ कोडची मांडणी जशीच्या तशी नसेल तर ते अडखळतात. शिवाय ताकाफुमी फुजिसावा यांनी रचलेला, यंत्र सुरू होताना घुमणारा तो ध्वनी, मेमरी कार्डाचा पडदा आणि खेळाची तबकडी नसताना गाणी वाजवणारा सीडी प्लेअर ही सगळी त्या मूळ ५१२ किलोबाइटांतलीच सामग्री आहे. पर्यायी बायॉसमध्ये ती नसते.