चढावर अडखळणारी मोटार

दर्पण कॉलनीच्या सपाट रस्त्यावर सुरळीत धावणारी एखादी जुनी मोटार ग्वाल्हेरच्या किल्ल्याकडे उरवाई दरवाजाचा चढ चढू लागली, की आचके देते. "पेट्रोलात कचरा आला," असे म्हणून बिचाऱ्या कार्ब्युरेटरची उगाच उस्तवार होते. दोष पुष्कळदा प्लगच्या तारेत असतो.

कॉइलमधून निघालेली १०,००० व्होल्टांहून अधिक दाबाची वीज या तारेने प्लगकडे जाते. तारेचे रबरी वेष्टण एक्झॉस्टच्या तप्त नळाला टेकले, म्हणजे कडक होऊन तडकते. लोक उन्हाळ्याला बोल लावतात. परंतु आमच्याकडचे ४५ अंश त्या नळाच्या शेकडो अंशांपुढे काहीच नव्हेत!

मग सपाटीवर मोटार का अडखळत नाही? चढावर सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण अधिक भरते आणि दाबले जाऊन अधिक दाट होते. दाट वायूतून ठिणगी पाडावयास व्होल्टही अधिक लागतात. अशा वेळी विजेला प्लगपेक्षा तडकलेल्या वेष्टणातून जवळच्या लोखंडात उडी घेणे सोपे पडते. ठिणगी चुकते आणि पेट्रोल न जळताच बाहेर जाते.

परीक्षा अंधारात करावी. एकाने ॲक्सिलरेटर दाबावा, दुसऱ्याने दुरून पाहावे. तारेवर निळसर ठिणग्या दिसतात, टकटक ऐकू येते. विद्यार्थिमित्रांनो, तारेस हात मात्र मुळीच लावू नका. जबर धक्का बसतो. नवी तारही नळापासून दूर बांधली नाही, तर तिचीही तीच गत होते.

अलीकडच्या बहुतेक मोटारींत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल असल्याने ही लांब तार उरलेली नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या स्कूटरांत मात्र ती अजून दिसते.