बाण आधी, आकडा नंतर

विद्युत क्षेत्राचं गणित चुकतं ते बहुधा गुणाकार-भागाकारात नाही, दिशेत. म्हणून सूत्राला हात लावण्याआधी चित्र काढावं, असा माझा आग्रह आहे.

फ्रान्समध्ये शार्ल कूलोमने बारीक तारेला पडणारा पीळ मोजून १७८५ मध्ये दाखवलं, की दोन प्रभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. अंतर दुप्पट झालं की बल चौथाईवर येतं. आता यातला एकच प्रभार जागेवर ठेवा. भोवतालच्या कुठल्याही बिंदूवर एखादा छोटा धन प्रभार आणला, तर त्याच्या दर कूलोममागे किती बल लागेल आणि कुठल्या दिशेने? त्या बिंदूवरचं विद्युत क्षेत्र म्हणजे हेच. बिंदू रिकामा असला तरी क्षेत्र तिथे असतंच.

क्षेत्राचं मूल्य काढायला प्रभाराला सुमारे ९०० कोटींनी गुणायचं आणि मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागायचं. नॅनोकूलोम हा कूलोमचा शंभर कोटीवा भाग, त्यामुळे प्रभार नॅनोकूलोममध्ये असला की शून्यं कटतात आणि गुणायला फक्त ९ उरतो. उत्तर न्यूटन प्रति कूलोममध्ये येतं. प्रभाराचं चिन्ह मात्र या आकडेमोडीत घालू नका. त्याचं काम बाणाची दिशा सांगणं: धन प्रभारापासून दूर, ऋण प्रभाराकडे.

आता एक उदाहरण. आडव्या रेषेवर डावीकडे अ, +२५ नॅनोकूलोम. त्याच्या उजवीकडे ३० सेंटिमीटरवर ब, −१६ नॅनोकूलोम. ब च्या बरोबर वर ४० सेंटिमीटरवर प हा बिंदू. पायथागोरसप्रमाणे अ ते प अंतर ५० सेंटिमीटर.

अ मुळे प पाशी क्षेत्र: ९ × २५ ÷ ०.२५ = ९००. ब मुळे: ९ × १६ ÷ ०.१६ = ९००. आकडे सारखे, चिन्हं उलट. इथे घाईत शून्य लिहिलं जातं. पण बाण पाहा. ब चा बाण सरळ खाली, ब कडे जातो. अ चा बाण तिरका आहे, उजवीकडे आणि वर. हे दोन बाण समोरासमोर नाहीत, मग ते एकमेकांना पुरते रद्द कसे करतील?

तिरक्या बाणाचे दोन घटक पाडू. उजवीकडे ९०० × ३/५ = ५४०, वर ९०० × ४/५ = ७२०. ब चे ९०० खाली आहेत, म्हणून उभ्या दिशेत १८० खाली उरतात. आडवे ५४० तसेच राहतात. ५४० आणि १८० यांच्या वर्गांची बेरीज ३,२४,०००. तिचं वर्गमूळ सुमारे ५६९. म्हणजे प पाशी क्षेत्र ५६९ न्यूटन प्रति कूलोम, आडव्या रेषेच्या सुमारे १८ अंश खाली, उजवीकडे.

मग क्षेत्र खरोखर शून्य कुठे असेल? अ आणि ब च्या मध्ये नाही, कारण तिथे दोन्ही बाण उजवीकडेच जातात. अ च्या डावीकडेही नाही: तिथे बाण विरुद्ध आहेत, पण अ मोठाही आहे आणि जवळही, त्याला ब पुरा पडत नाही. उरते ब ची उजवी बाजू. तिथे मोठा प्रभार दूर आणि छोटा जवळ, म्हणून बरोबरी जमू शकते. ब पासून १२० सेंटिमीटरवर ब चं क्षेत्र ९ × १६ ÷ १.४४ = १००, डावीकडे. तिथून अ १५० सेंटिमीटरवर: ९ × २५ ÷ २.२५ = १००, उजवीकडे.