बांधकामावरील याऱ्या व त्यांची सुरक्षितता

बांधकामावरील याऱ्या व त्यांची सुरक्षितता : इमारती, पूल, उन्नत मार्ग इत्यादींच्या बांधकामात सळया, साच्याच्या फळ्या, काँक्रीटची बादली, तयार तुळया यांसारखे अवजड सामान उचलून हव्या त्या उंचीवर व हव्या त्या जागी नेऊन ठेवणाऱ्या यंत्रास यारी म्हणतात. बांधकामावर ती क्रेन याच नावाने ओळखली जाते. यारीचे तत्त्व प्राचीन असून रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस यांनी इ. स. पू. पहिल्या शतकात कप्प्या व रहाट यांच्या साहाय्याने दगड उचलणाऱ्या यंत्रांचे वर्णन केलेले आहे. शहरांतील उंच इमारतींसाठी सोयीच्या अशा मनोरा याऱ्यांचा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मन शहरांच्या पुनर्बांधणीची गरज ओळखून हान्स लीबहेर यांनी १९४९ मध्ये सहज वाहून नेता येणारी व जागेवर जोडता येणारी मनोरा यारी तयार केली.

कारखान्यातील यारी चार भिंतींच्या आत चालते व तिच्याखाली वावरणारी माणसे ठराविक असतात. शहरातील बांधकामावरील यारीची भुजा मात्र रस्ता, पदपथ व शेजारची घरे यांच्यावरून फिरू शकते. त्यामुळे तिच्यापासून संभवणारा धोका कामगारांपुरता मर्यादित न राहता त्या बांधकामाशी कसलाही संबंध नसलेल्या वाटसरूपर्यंत पोहोचतो. यारीविषयीच्या सुरक्षितता नियमांचे महत्त्व यामुळेच वाढते.

प्रकार : मनोरा यारीत उभा जालीदार मनोरा, त्यावर फिरणारी आडवी किंवा तिरपी भुजा व भुजेच्या मागील अंगास प्रतिभार असतो. मनोरा काँक्रीटच्या पायात घट्ट बसवितात व उंची वाढल्यावर तो ठिकठिकाणी पोलादी चौकटींनी इमारतीस जखडतात. वाहनारूढ यारी रबरी चाकांवर चालते व काम करताना बाजूंना पसरलेल्या आधारपायांवर उभी राहते. मोठ्या भारांसाठी साखळीपट्ट्यांवर चालणारी यारी वापरतात. भारतातील बांधकामांवर यांखेरीज भार उचलून तो तसाच लोंबकळत ठेवून चालणारी लहान यारी सर्रास आढळते. तिला कामगार ‘हायड्रा’ म्हणतात.

स्थैर्याचे तत्त्व : यारी केवळ भाराच्या वजनाने कलंडत नाही, तर भाराच्या परिबलाने कलंडते. भार व यारीच्या फिरण्याच्या आसापासून त्याचे आडवे अंतर म्हणजे त्रिज्या यांचा गुणाकार हे परिबल होय. उदा., १० मी. त्रिज्येवर १० टन व ४० मी. त्रिज्येवर २·५ टन या दोन्ही भारांचे परिबल १०० टन-मीटर इतकेच येते. प्रत्यक्षात लांबवरची क्षमता याहूनही कमी असते, कारण भुजेच्या स्वतःच्या वजनाचे परिबलही यारीस पेलावे लागते. तिरप्या भुजेची यारी भार उचलल्यानंतर भुजा खाली झुकवू लागली, तर भार तोच असूनही त्रिज्या वाढते आणि उचलताना सुरक्षित असलेली यारी वाटेत असुरक्षित बनते. म्हणून ‘ही पन्नास टनांची क्रेन आहे’ या बोलण्यास त्रिज्या सांगितल्यावाचून फारसा अर्थ नसतो.

प्रत्येक यारीबरोबर निर्मात्याने भार-त्रिज्या कोष्टक दिलेले असते. ते चालकाच्या कक्षात, त्यास समजेल अशा भाषेत लावलेले असावे. वाहनारूढ यारीच्या बाबतीत आकड्याचा ठोकळा, साखळ्या, पट्टे इत्यादींचे वजन सामान्यतः भारातच मोजावे लागते. भार मर्यादेजवळ येताच इशारा देणारा दर्शक व हालचाल थांबविणारे मर्यादा-खटके यारीवर बसविलेले असतात. ही साधने अखेरचे संरक्षण म्हणून असतात; वजन किती आहे ते उचलून पाहण्यासाठी नव्हेत. ‘काम अडते’ म्हणून खटका बांधून ठेवणे हा अत्यंत घातक प्रकार होय. भार एकाएकी निसटणेही धोक्याचे असते, कारण त्या वेळी प्रतिभारामुळे यारीस मागील दिशेने जोराचा हिसका बसतो.

जमीन व पाया : वाहनारूढ यारी एका बाजूस भार घेते, तेव्हा तिच्या व भाराच्या एकूण वजनाचा बराच मोठा भाग एकाच आधारपायावर येऊ शकतो. समजा, एका पायावर ४० टन आले व त्याखालील पाटा ६० सेंमी. चौरस आहे, तर जमिनीवरील दाब दर चौ. मी.ला सु. १११ टन होतो. मऊ, ओल्या चिकणमातीची सुरक्षित धारणक्षमता चौ. मी.ला सु. १० टनच असते. अशा जमिनीवर तोच भार पसरविण्यास सु. ४ चौ. मी. क्षेत्राचा ताठ पाट लागेल. शहरात पृष्ठभाग फरसबंद असला, तरी त्याखाली जुने गटार, तळघर, पाण्याचा नळ किंवा नुकताच बुजविलेला चर असू शकतो. मुंबईसारख्या भरावावर वसलेल्या भागांत ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी लागते. म्हणून यारी उभी करण्यापूर्वी भूमिगत सोयींचे नकाशे पाहणे, खोदकामाच्या काठापासून पुरेसे अंतर ठेवणे व यारी समपातळीत असल्याची खात्री करणे आवश्यक असते. हायड्राला आधारपायांचा आधार नसल्याने खडबडीत जमिनीवर व वळण घेताना तिचे स्थैर्य झपाट्याने घटते. शिवाय भुजा व भार यांमुळे चालकास पुढचे दिसत नाही. लोंबणारा भार हातांनी धरून तिच्यापुढे चालणारा कामगार चाकाखाली सापडण्याचा धोका असतो. त्यासाठी भारास लांब दोर बांधून तो बाजूने धरावयाचा असतो.

दोर व बांधणी : पोलादी तारदोर एकदम तुटण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. भारतातील १९९८ च्या नियमांनुसार दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारांची संख्या एकूण तारांच्या १०% पेक्षा अधिक झाल्यास तो दोर बाद ठरविण्यात आला. दोर चपटा होणे, त्यास पीळ पडणे किंवा गंजणे हीदेखील तो बाद करण्याची कारणे होत. भार दोन पायांच्या दोराने आकड्यास अडकविल्यास पायांमधील कोनास महत्त्व येते. हा कोन ६०° असता प्रत्येक पायावर भाराच्या सु. ५८%, ९०° असता सु. ७१% व १२०° असता पूर्ण भाराइतका ताण येतो. म्हणजे आखूड दोर ताणून बांधण्याने दोन दोरांचा लाभच नाहीसा होतो. कृत्रिम धाग्यांचे पट्टे हलके व सोयीचे असले, तरी पोलादाच्या धारदार कडेवर ते कापले जातात. कडेवर जाड अस्तर घालणे हाच त्यावरील उपाय आहे.

वारा : वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मी. वेगाच्या वाऱ्याचा दर चौ. मी.वरील दाब सु. ६ किग्रॅ. वजनाइतका असतो; २० मी. वेगास तो सु. २४ किग्रॅ. होतो. १२ चौ. मी.ची साच्याची फळी दुसऱ्या स्थितीत वाऱ्यामुळे सु. २९० किग्रॅ. इतक्या बलाने बाजूस ढकलली जाते. म्हणून रुंद व हलक्या भारासाठी वाऱ्याची मर्यादा यारीच्या सर्वसाधारण मर्यादेपेक्षा कमी धरतात. अमेरिकेतील मिलवॉकी येथे १४ जुलै १९९९ रोजी क्रीडागाराच्या छताचा प्रचंड भाग उचलताना महाकाय यारी कोसळून तीन कामगार मृत्युमुखी पडले. उचललेल्या छतावरील वाऱ्याच्या बलाचा हिशेब न धरणे हे या अपघाताचे एक प्रमुख कारण होते.

काम बंद असताना मनोरा यारीचा भुजा-फिरवणीचा रोधक मोकळा सोडतात. यामुळे भुजा वाऱ्याबरोबर फिरून त्याला कमीत कमी क्षेत्र सन्मुख करते. ती जखडून ठेवल्यास वारा आडवा बसून मनोरा मोडू शकतो. यासाठी भुजेस पूर्ण वर्तुळात अडथळा नसावा, ही अट दाटीच्या वस्तीत आधीच तपासावी लागते. लांब भुजेच्या साखळीपट्टी याऱ्यांची भुजा वादळापूर्वी खाली आणून ठेवावी लागते. मक्का येथे ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळात अशी यारी कोसळून शंभरांहून अधिक लोक मरण पावले. वापरात नसताना तिची भुजा खाली न आणता उभीच ठेवल्याचे चौकशीत आढळले. न्यूयॉर्कमध्ये ५ फेब्रुवारी २०१६ रोजी वाऱ्यामुळे भुजा खाली आणली जात असतानाच यारी रस्त्यावर कोसळून एकाचा बळी गेला. काम थांबविण्याचा निर्णय वेळेवर होणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या वावटळी फारसा अवधी देत नाहीत.

उभारणी, उंची वाढविणे व उतरविणे : मनोरा यारीस सर्वांत नाजूक काळ भार उचलण्याचा नसून तिची स्वतःची उभारणी, उंचीवाढ व उतरवणी यांचा असतो, कारण त्या वेळी तिचे जोड व आधार तात्पुरते सुटे असतात. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागात १५ मार्च २००८ रोजी यारीस इमारतीशी जखडणारी नवी पोलादी चौकट बसविली जात होती. ती ज्या धाग्यांच्या पट्ट्यांवर टांगली होती, ते तुटले. चौकट मनोऱ्यावरून घसरून खालच्या चौकटीवर आदळली आणि आधार गमावलेली यारी रस्त्यापलीकडील घरांवर कोसळली. सात जण मरण पावले. त्यांत बांधकामाशी संबंध नसलेली एक पाहुणी स्त्रीही होती. त्याच शहरात ३० मे २००८ रोजी दुरुस्त केलेल्या फिरत्या बैठकीचा सदोष वितळजोड निकामी होऊन दुसरी यारी कोसळली व दोन कामगार दगावले. पहिल्या अपघातात यंत्र निर्दोष असून बांधणी चुकली, तर दुसऱ्यात दुरुस्ती चुकली. यारीचे वजनदार, महाग भाग सर्वांच्या नजरेत असतात. अपघात मात्र पुष्कळदा स्वस्त व सहज बदलता येण्याजोग्या भागापासून सुरू होतो. उंचीवाढीच्या वेळी वारा मर्यादेत असणे, निर्मात्याच्या क्रमानुसारच बोल्ट काढणे व बसविणे आणि खालचा परिसर रिकामा करणे हे नियम म्हणूनच अनुल्लंघनीय मानतात.

विद्युत् तारा : उघड्या विद्युत् तारांजवळ काम करण्यापूर्वी पुरवठा बंद करून घेणे श्रेयस्कर असते. ते शक्य नसल्यास सुरक्षित अंतर राखावे लागते. अमेरिकी नियमांनुसार ५० किलोव्होल्टपर्यंत ते किमान सु. ३ मी. आहे. भुजा तारेस लागल्यास चालकाने कक्षातच थांबावे व इतरांनी यारीस, भारास अथवा दोरास स्पर्श करू नये. आगीमुळे उतरणे भाग पडल्यास यारी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी मारावी.

माणसे व संकेत : उचलीच्या प्रत्येक कामास एक जबाबदार अधिकारी असावा. भार बांधणारे खलाशी व चालक प्रशिक्षित असावेत; भारतीय नियमांनी १८ वर्षांखालील व्यक्तीस यारी चालविण्यास व संकेत देण्यास मनाई केली. संकेत देणारा एकच व ओळखू येण्याजोगा असावा. आपल्याकडे मुकादम, चालक व खलाशी यांच्या मातृभाषा पुष्कळदा भिन्न असल्यामुळे ठरलेले हस्तसंकेत ही केवळ औपचारिकता राहत नाही. ‘थांबा’ हा संकेत मात्र कोणीही दिला, तरी चालकाने पाळलाच पाहिजे. भाराखाली कोणीही उभे राहू नये. भुजा रस्त्यावरून नेणे अटळ असल्यास तेवढा वेळ रहदारी थांबवावी.

कायदेशीर तरतुदी : भारतात बांधकाम कामगारांविषयीचा अधिनियम १९९६ मध्ये झाला व त्याखालील केंद्रीय नियम १९९८ मध्ये करण्यात आले. त्यांनुसार यारी प्रथम वापरण्यापूर्वी व त्यानंतर किमान पाच वर्षांतून एकदा भार-चाचणी आणि किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आवश्यक ठरली. चाचणी भार २० टनांपर्यंतच्या यारीस कार्यभारापेक्षा २५% अधिक धरण्यात आला. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षितताविषयक संहितेत या विषयावरील अनेक अधिनियम एकत्र करण्यात आले असून १९९६ चा अधिनियम त्यांपैकी एक आहे. याऱ्यांच्या सुरक्षित वापराविषयी भारतीय मानक १३३६७ (भाग १) हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

यारी बहुधा भाड्याने आणलेली असते. मालक, कंत्राटदार, चालक व खलाशी यांच्यात जबाबदारी वाटली गेली, की ती कोणाचीच राहत नाही आणि तासावारी भाडे चालू असल्याने थांबण्याचा निर्णय खर्चिक वाटू लागतो. म्हणून काम थांबविणाऱ्या चालकास त्याबद्दल नुकसान सोसावे लागू नये, अशी व्यवस्था असणे हे दोर वा खटका यांच्याइतकेच सुरक्षिततेचे साधन समजले पाहिजे.