नात्यातली खोली आणि कोर्टातले नाव

घर भाड्याने पाहायला गेले की आम्हाला आधी आडनाव विचारले जाते. हे आजचे नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढण्यात आले. म्हणूनच आपल्यातल्याच कुणाची खोली मिळाली की आम्हाला हायसे वाटते आणि कागद मागायचे राहून जाते.

मावसभावाने खोली दिली तेव्हा तो म्हणाला, "दादा, आपल्यात कसला कागद?" आम्हीही मान डोलावली. चार वर्षे महिन्याच्या महिन्याला भाडे दिले, पावती एकदाही मागितली नाही. पुढे त्याला जास्त भाडे देणारा भेटला. त्याने आमच्यावर दावा लावला : नातेवाईक म्हणून फुकट राहू दिले, आता निघत नाहीत!

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कलम ३१ प्रमाणे पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडता येत नाही. जबरदस्तीने बाहेर काढले तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

तरीही भाडे देत होतो हे आम्हाला दाखवावे लागलेच. शेवटची दोन वर्षे भाडे बँकेतून गेले होते. पासबुकातल्या त्या नोंदींनी आम्हाला तारले. दावा फेटाळला गेला.

मन उडाले होते, म्हणून आम्हीच दुसरी खोली शोधू लागलो. तिथल्या मालकाने कोर्टाच्या ऑनलाइन नोंदीत आमचे नाव शोधून ठेवले होते. "तुमच्यावर घर खाली करण्याची केस आहे," तो म्हणाला. निकाल काय लागला, हे त्याने पाहिलेच नव्हते. आडनावाला आता केसही चिकटली! आम्ही कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. दावा फेटाळला तरी तो लावल्याची नोंद मागे राहते. तिचे उत्तर आपल्या पिशवीत असले पाहिजे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कितीतरी कुटुंबे तारखेला न जाता मुकाट्याने खोली सोडतात. मग एकतर्फी निकाल होतो आणि तोच कायमचा पुरावा ठरतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

मावसभाऊ आजही लग्नकार्यात भेटतो, आम्ही बोलतो. पण आपल्यातले जे घरमालक झाले, त्यांना एकच विचारायचे आहे : ज्या दारांतून आपले बापजादे हाकलले गेले, तसलीच दारे आपणही बांधायची काय? बांधवहो, नाते जपायचे असेल तर आधी करार नोंदवा, भाडे बँकेतून द्या आणि पावती मागायला लाजू नका.